पाय मागं घ्यायचा राहून गेला

मन्या, तुझ्या डोक्यावर मी पाय ठेवला.

आज नऊ दिवस झाले तरी हे एवढं एक वाक्य मला कुणापुढं बोलता आलेलं नाही. तशी बोलायची गरज पण नाही म्हणा, अख्ख्या वडवणीनं बघितलंय. तुझी आई हात जोडून उभी होती, माणसं खड्ड्याभोवती दाटली होती, आणि एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटायचं तरी कावून? आपल्या लिंगायतांत रीतच आहे. गेलेल्या माणसाला आडवं करायचं नाही, मांडी घालून बसवायचं, आणि समाधीत माती लोटायच्या आधी जंगमानं त्याच्या मस्तकाला पाय लावायचा, म्हणजे त्याची पुढची वाट मोकळी होते. जंगम मी. गेलेला तू. झालं की मग.

पण त्या पायावरून तुझा आणि माझा जुना तंटा होता, आणि तो मिटायच्या आधीच तू गेलास. पार उमापूरला कुणाच्या मळ्यात मोटर काढायला गेलतास. दम लागला म्हणून लिंबाखाली बसलास, ते बसलासच. मळ्याचा मालक सांगत होता, 'पाणी आनून देऊस्तवर मान टाकली हो.' पस्तिशी ओलांडून दोन वर्षं झाली नव्हती तुला. ही काय बसायची तऱ्हा झाली, लेका?

मला सारखं तुझं दुकान आठवतंय. दुकान कसलं, स्टँडमागची पत्र्याची खोली. लोक विहिरीतल्या मोटरी जाळून आणायचे, तू आतली जळकी तार ओढून काढायचास आणि नवी तांब्याची तार भरायचास. वार्निशचा वास तुझ्या अंगात असा मुरला होता की हळद लावली तरी तो गेला नव्हता. बारावीला आपटलो तेव्हापासून सहा-सात वर्षं मी तुझ्या शेजारी वार्निशच्या पालथ्या डब्यावर बसून तारेचे वेढे मोजत होतो. मी मोजताना चुकायचो आणि तू खेकसायचास, 'सिध्या, ध्यान कुठं हाय बे? पुन्यांदा मोज!' गिऱ्हाइकालाही तू सोडायचा नाहीस. 'पाटील, आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठून येईल? कोरडी हीर वढून मोटर जाळली व्हय!' गिऱ्हाईक आधी तणतणायचं, मग आपल्यातच बसून चहा प्यायचं. मला खरंच वाटायचं, सगळी जिंदगी ह्या डब्यावर निघाली तरी चालेल.

पण आप्पांचे गुडघे गेले. माझे वडील, पंचवीस-तीस गावांचं जंगमपण सांभाळणारा माणूस. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, कुणाची माती, सगळं त्यांच्याकडं. एकुलता एक पोरगा मी, आणि तो बसलाय डब्यावर तार मोजत. पट्ट्यानं बडवून झालं, उपाशी राहून झालं. शेवटी त्यांनी मला मठात नेलं आणि दीक्षा देऊन आणलं. आमच्यात ती लहानपणीच होते, मी टाळत टाळत पंचविशीपर्यंत आणली होती. डोक्याचा चमनगोटा, अंगावर भगवं, अशा अवतारात मी थेट तुझ्या दुकानात आलो. तू हातातली पक्कड खाली टाकून पोट धरून हसलास.

'आता तुला बे म्हनावं का न्हाई?'

'म्हण की बे.'

'मग टेक बूड डब्यावर.'

मी टेकलं. जीव भांड्यात पडला माझा.

आणि तिथंच वाद सुरू झाला. दीक्षा झाल्यावर समाजातली म्हातारी-कोतारी माणसंही माझ्या पाया पडायला लागली. तुला ते सहन होईना. 'मधला मानूस नको म्हनूनच आपला धरम उभा ऱ्हायला ना? लिंग ज्याचं त्याच्या गळ्यात. मग तुझा पाय कावून मधी येतो?' मी म्हणायचो, पाय माझा नाही, गुरूचा समज. तू म्हणायचास, 'गुरूच्या पायाला भेगा अशा तुझ्यासारख्याच पडत्यात का बे?' आप्पांना विचारलं तर आप्पा म्हणायचे, त्या मोटरवाल्याचा नाद सोड. ना तुला पटवता आलं, ना आप्पांना. आजही कुणी विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही, आणि मी हे बारा वर्षं करतोय.

मग तुझं लग्न ठरलं. सुनंदावहिनी आष्टीच्या. तुला लई आवडल्या होत्या, पण तू ते थेट बोलायचा नाहीस, नुसती तीच ती मोटर पुन्हा पुन्हा पुसत बसायचास.

'लगीन तूच लावायचं,' तू म्हणालास. 'तुझं बी पहिलं, माझं बी पहिलं. पन एक अट हाय. मी तुझे पाय धुनार न्हाई.'

अक्षता पडायच्या आधी नवरदेवानं जंगमाचे पाय धुवायचे आणि ते पाणी तीर्थ म्हणून घ्यायचं, ही काय मी काढलेली रीत नव्हती. तसं मी म्हणालोही. तू सगळं आधीच ठरवून बसला होतास.

'आरं, रीत मोडायची कुठं हाय? मी खाली बसतो, तांब्या उचलतो, समदे बघतेत. तवा तू पाय मागं घ्यायचा आन उठून मला गळ्याला लावायचं. लोक म्हनतील, लई मोठ्या मनाचा स्वामी हाय. तुझी बी इज्जत ऱ्हायली, माझी बी.'

'आन आप्पा?'

'आप्पा काय खात्यात व्हय तुला? शब्द दे.'

मी हात पुढं केला. तुझा हात वार्निशनं चिकट होता, सोडवताना दोघं हसलो.

लग्न तुझ्या दारात होतं. कडक ऊन, कनातीतून झळा येत होत्या. मला चौरंगावर बसवलं. काकूंनी, म्हणजे तुझ्या आईनं, परात आणून ठेवली. तू खाली बसलास, माझा उजवा पाय हातात घेतलास, तांब्या उचललास आणि थांबलास. मान वर करून माझ्याकडं बघितलंस. डोळ्यांनी म्हणालास, आता.

मी आप्पांकडं बघितलं. मोडक्या गुडघ्यांनी ते खुर्चीतून उठले होते आणि हात जोडून उभे होते. माझ्यासमोर. ज्या माणसानं मला तुझ्या दुकानातून कान धरून ओढत नेलं होतं, तो पोराला हात जोडून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझा पाय हलला नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला एवढंच सांगत आलो, की आप्पांमुळं नाही जमलं. आता तू नाहीस तर खरं सांगतो. आप्पा होतेच. पण मांडव गप झाला होता, अख्खं गाव माझ्या पायाकडं बघत होतं, बारावी नापास सिध्याच्या पायाकडं. आणि मन्या, मला ते आवडलं. क्षणभरच, पण आवडलं. त्या एका क्षणासाठी मी तुला तसाच बसवून ठेवला.

तू थोडा वेळ वाट बघितलीस. मग पाणी घातलंस. दोन्ही पाय धुतलेस, नव्या उपरण्यानं पुसलेस, तीर्थ घेतलंस. मी तुझ्या कपाळाला भस्म लावलं आणि 'कल्याण असो' म्हणालो. मंगलाष्टकं मी एकही चूक न करता म्हटली, लोकांनी वाहवा केली.

पंगतीत तू वाढायला आलास. 'स्वामी, आनखी एक जिलबी घ्या.' मला वाटलं चेष्टा करतोयस. मी हसलो. तू हसला नाहीस, जिलबी वाढून पुढच्या पानाकडं गेलास.

चार दिवसांनी दुकानात आलो तेव्हा तुझे वडील, तात्या, होते तिथं. तू मला बघून डब्यावरचं तारेचं बंडल उचललंस. तेवढ्यात तात्या ओरडले, 'आरं येड्या, स्वामींना डब्यावर बसवतूस व्हय? पाप लागंल!' शेजारच्या हॉटेलातून त्यांनी लाल प्लास्टिकची खुर्ची आणली, खांद्यावरच्या टॉवेलानं झटकली. तू बंडल हातात घेऊन उभा होतास.

'बसा,' तू म्हणालास.

मी खुर्चीत बसलो. तू बंडल परत डब्यावर ठेवलंस आणि कामाला लागलास.

ती खुर्ची मग तिथंच राहिली. तात्या गेले, तरी राहिली. मी महिन्यातून दोन-तीनदा तरी यायचो. मी आलो की तू बंडल उचलायचास, 'बसा' म्हणायचास, मी खुर्चीत बसायचो, तू बंडल ठेवायचास. मला वाटायचं, स्वामी आले म्हणून उगं आवराआवर करतोस. पाऊसपाणी, कुणाची मोटर, कुणाच्या घरचं कार्य, एवढंच आपलं बोलणं. सिध्या म्हणणं बंद, बे म्हणणं बंद. 'काय म्हनता स्वामी.' 'बरं चाललंय.' बास.

अरे, शिव्या द्यायच्या होत्यास मला! गचांडी धरून विचारायचं होतंस, शब्द दिलता ना भाड्या, मग? मी पाया पडलो असतो तुझ्या. पण तू इतका अदबीनं वागायला लागलास की माझी बोलतीच बंद झाली. मला कधी कळलंच नाही, तू खरोखर मान देतोयस की सूड घेतोयस. कधी वाटायचं, तू विसरला असशील आणि मीच उगाच कुढतोय. मग तू पुन्हा 'स्वामी' म्हणायचास आणि मी परत पहिल्यापासून कुढायला लागायचो.

तू काही वाईट वागला नाहीस, हेच तर अवघड होतं. आप्पा गेले तेव्हा सगळ्यात आधी तू आलास. त्यांना मांडी घालून बसवताना गुडघे वळेनात, ते तू तेल लावून लावून हळूहळू वळवलेस, स्वतःच्या बापाचे असल्यासारखे. त्या माणसानं तुला आयुष्यभर मोटरवाला म्हणून हिणवलं होतं. पुढं पाच दिवस वहिनींच्या हातची भाकरी आणि पिठलं घेऊन आमच्या ओट्यावर बसून राहिलास. 'स्वामी, दोन घास खा.' मी खाईपर्यंत उठायचा नाहीस. तेव्हा बोलायला हवं होतं मी. पाच दिवस तू समोर बसला होतास आणि मी नुसता भाकरी मोडत होतो.

फक्त एकदा तुझ्या तोंडून माझं जुनं नाव निघालं, मठाच्या बोअरमधली मोटर अडकली तेव्हा. माणूस कमी पडला म्हणून मी धोतर खोचून आलो. तू वर, मी खाली, पाइप ओढत होतो. साखळी निसटली आणि सगळं वजन खाली जायला लागलं. तू ओरडलास, 'सिध्या, धर बे! धर!'

मी धरलं. तळहात सोलून निघाले, पण सोडलं नाही. मोटर वर आली. दोघं चिखलात बसून धापा टाकत होतो, आणि मला इतका आनंद झाला होता की हाताची आग कळत नव्हती. मला वाटलं, आता मिटलं. तू उठलास, पाना पिशवीत टाकलास, माझ्या हाताकडं बघून म्हणालास, 'हळद लावा त्याला. येतो, स्वामी.'

पुरे. आता त्या दिवसाचं सांगतो, कारण तू तिथं असून नव्हतास.

तुला ओसरीवर भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात हार, मांडी घातलेली. नखांत वार्निश तसंच होतं, आंघोळ घातली तरी निघालं नव्हतं. मी काकूंना बाजूला घेतलं. म्हटलं, 'काकू, दुसऱ्या कुन्या जंगमाला बोलावू. मी फोन करतो. माझ्यानं न्हाई व्हायचं.'

काकूंचं रडणं थांबलं. 'कावून न्हाई व्हायचं?'

काय सांगणार होतो मी त्यांना?

'लगीन तूच लावलंस त्याचं,' काकू म्हणाल्या. 'आता वाट बी तूच दाव. तुझा पाय लागल्याबिगर माझं लेकरू अडकून पडंल रं बाबा.' आणि त्या वाकायला लागल्या, माझे पाय धरायला. मी त्यांना खांद्याला धरून वर उचललं. बघ, काकूंच्या वेळी मला जमलं. मागं सरता आलं मला.

खड्ड्यात तुला भिंतीत खणलेल्या कोनाड्याकडं तोंड करून बसवलं. डाव्या हातात तुझ्या गळ्यातलं इष्टलिंग दिलं. मीठ आणि भस्म घातलं, बेलाची पानं टाकली. मी आत उतरलो, दोघांनी मला दंडाला धरलं. म्हणायचं ते म्हणालो. पाय उचलला. सगळा भार मी दुसऱ्या पायावर आणि त्या दोघांच्या हातांवर टाकला होता, तुला वजन लागू नये म्हणून. तुझे केस ओले होते. एवढंच कळलं मला. आणि कळलं की आज तू मान वर करून बघणार नाहीस, वाट बघणार नाहीस, मी काढीन तेव्हा पाय निघेल.

काढला. मग काय झालं ते मला नीट आठवत नाही, लोक सांगतात तेच सांगतो. मी खाली गुडघ्यावर बसलो आणि तुला मिठी मारली. बारा वर्षांपूर्वी मांडवात मारायची होती ती. तुझ्या कानात मी काहीतरी बोलत होतो म्हणे. तुझे हात मांडीवरच राहिले. वरून कुणीतरी हाक मारली, 'स्वामी, या वर, माती लोटायची हाय.' कुणी म्हणालं, राहू द्या, मैतर होते. मला धरून वर काढलं. माझ्या अंगाला तुझं भस्म लागलं होतं, घरी येऊन मी ते धुतलं नाही.

आणि मला वाटलं होतं, एवढ्यावर तरी संपेल. उशिरा का होईना, फिटलं असं धरून चालेन. तसं नाही झालं, मन्या.

काल वहिनींनी निरोप पाठवला, दुकान उघडायचंय, एकटीच्या जिवावर येतंय, तुमी या. मी गेलो. शटर उघडलं तर तोच वास. एक मोटर अर्धी भरलेली तशीच टेबलावर, तार लोंबतेय. वहिनींनी पदरानं लाल खुर्ची पुसली. 'बसा भावजी.' मी सवयीनं बसलो. मग त्या कोपऱ्यातल्या डब्याकडं गेल्या, वरचं तारेचं बंडल उचललं आणि तशाच उभ्या राहिल्या.

'हे आता कुठं ठिवू?' त्या म्हणाल्या. 'आता ह्याचं काय काम ऱ्हायलं न्हाई.'

'तिथंच राहू द्या की वहिनी. कायम तिथंच असतंय.'

'तुमाला ठाव न्हाई?' त्यांनी माझ्याकडं बघितलं. 'कुनी गिऱ्हाईक त्या डब्यावर बसू नये म्हनून ठिवायचे ते. येकदा माझा भाऊ बंडल सारून बसला तर त्याला बी उठीवलं. म्हनले, ऊठ, ती सिध्याची जागा हाय. तुमी आलात की उचलायचे की बंडल. मग तुमी खुर्चीत बसायचात, मग परत ठिवायचे. मी येकदा इचारलं, आवो, त्यास्नी सरळ सांगा की हितं बसा म्हनून. तर म्हनले, सांगून बसल्यावर काय मजा?'

वहिनी चहा आणायला गेल्या. समोर डबा मोकळा होता, माझ्यापासून चार हातांवर. इतक्या वर्षांत तू किती वेळा ते बंडल उचललं असशील, मन्या? प्रत्येक वेळी तू जागा मोकळी करून उभा राहत होतास, आणि मी तुझ्यासमोर खुर्चीत बसून पाऊसपाण्याच्या गप्पा मारून जात होतो. मला फक्त उठायचं होतं.